खटल्यापासून दवाखान्यापर्यंत : डॉ. रखमाबाईंची वाटचाल

संकटे माणसाला घडवतात असे आपण सहज म्हणून जातो. पण जरा आजूबाजूला पाहिले तर संकटांनी मोडून पडलेली माणसेही काही कमी दिसत नाहीत. सोने तापवल्यावर उजळते हे खरे, पण माणूस म्हणजे काही सोने नव्हे. तोच आघात एकाला कायमचा कडवट करून जातो आणि दुसऱ्याला मोठा करून जातो. हा फरक कशामुळे पडत असावा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना डॉ. रखमाबाईंचे चरित्र फार उपयोगी पडते. त्यांच्या आयुष्यातील एक महत्त्वाचे पर्व आपल्या या इंग्लंडमध्येच घडले, म्हणून आपल्या स्मरणिकेत त्यांची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न.

रखमाबाई म्हटले की अनेकांना त्यांचा गाजलेला खटला आठवतो. २०१६ साली त्यांच्यावर मराठी चित्रपटही आला. पण खटला हा त्यांच्या नव्वद वर्षांच्या आयुष्यातील केवळ चार वर्षांचा भाग होता. त्याच्या आधी त्यांनी काय केले आणि नंतर काय केले, हेच खरे समजून घेण्यासारखे आहे.

बालपण आणि लग्न

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग हे त्या अगदी लहान असतानाच वारले. आई जयंतीबाई त्या वेळी अवघ्या सतरा वर्षांच्या. त्यांच्या सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरा विवाह केला. त्या आधी पहिल्या पतीकडून आलेली मालमत्ता त्यांनी रखमाबाईंच्या नावे करून दिली.

डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईतील नावाजलेले डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते. १८८३ साली मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तिच्या आठ संस्थापकांपैकी ते एक. सावत्र वडील म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येते, त्याच्या अगदी उलट हा माणूस होता. रखमाबाईंना पुढे वैद्यकीची ओढ लागली तिचे मूळ याच घरात असणार.

असे असूनही काळाची रीत चुकली नाही. वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी लावून देण्यात आले. दादाजी हे सखाराम अर्जुन यांच्या नात्यातलेच. त्यांनी सासऱ्यांच्या आधाराने शिकावे, कर्तेसवरते व्हावे आणि मग संसार सुरू व्हावा, अशी अपेक्षा होती. सखाराम अर्जुन डॉक्टर असल्यामुळे कोवळ्या वयातील मातृत्वाचे धोके ते जाणून होते. त्यामुळे मुलगी वयात आली तरी त्यांनी तिला सासरी पाठवण्याची घाई केली नाही.

दादाजींचे मात्र शिक्षणात मन रमले नाही. ते शाळा सोडून मामाकडे राहू लागले. इकडे रखमाबाई आईवडिलांच्या घरी वाढत होत्या.

घरातली शाळा

लग्न झाल्यावर रखमाबाईंची शाळा सुटली होती. नवऱ्याघरी जायचे नाही आणि शाळेतही जायचे नाही, अशा मधल्या अवस्थेत मुलीने काय करायचे? तिच्या वयाच्या दुसऱ्या कोणी दिवस मोजत बसली असती. रखमाबाईंनी घरीच वाचायला सुरुवात केली. मिशनच्या वाचनालयातून पुस्तके आणायची, इंग्रजी शिकायचे, घरी येणाऱ्या विद्वान मंडळींची चर्चा कानावर घ्यायची, असा त्यांचा क्रम सुरू झाला. आईबरोबर त्या प्रार्थना समाजाच्या सभांना जात. १८८२ नंतर आर्य महिला समाजाच्या बैठकांनाही जाऊ लागल्या.

या वर्षांत त्यांना कोणी प्रमाणपत्र दिले नाही, कोणी कौतुक केले नाही. पण पुढे जेव्हा वादळ आले तेव्हा त्यांच्याजवळ स्वतःचा विचार होता आणि तो मांडण्याची भाषा होती. संकटाला तोंड देण्याची त्यांची तयारी संकट येण्यापूर्वीच सुरू झाली होती, ती अशी.

कोर्टाची पायरी

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत नोटीस पाठवली आणि पुढे मुंबई हायकोर्टात दावा लावला. पत्नीने आपल्याकडे नांदायला यावे, असा कोर्टाने हुकूम करावा, ही त्यांची मागणी होती. रखमाबाईंनी जायला नकार दिला. नकाराचे कारण त्यांच्या वकिलांनी नवऱ्याची गरिबी, प्रकृती अशा मुद्द्यांवर मांडले. पण रखमाबाईंच्या मनातला मुद्दा त्याहून साधा होता. ज्या लग्नाला आपली संमती विचारण्याचे वयच नव्हते ते लग्न आपल्यावर बंधनकारक नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आज हे वाक्य आपल्याला अगदी सरळ वाटते. एकशेचाळीस वर्षांपूर्वी एका वीस वर्षांच्या हिंदू मुलीने ते कोर्टात उभे करणे म्हणजे आगीशी खेळ होता.

खटला चालू असतानाच एप्रिल १८८५ मध्ये डॉ. सखाराम अर्जुन यांचे निधन झाले. ज्यांच्या आधारावर ही लढाई उभी राहिली होती तो आधारच गेला.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, जून १८८५ मध्ये, टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू स्त्रीचे पत्र छापून आले. खाली नाव नव्हते. विषय होता बालविवाह. सप्टेंबरमध्ये दुसरे पत्र आले, ते सक्तीच्या वैधव्याविषयी. ही पत्रे रखमाबाईंची होती. यातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की त्या पत्रांत त्यांनी स्वतःचे रडगाणे गायले नाही. बालविवाहामुळे मुलींचे शिक्षण कसे तुटते, त्यांची प्रकृती आणि मन कसे खुरटते, हे त्यांनी लिहिले. स्वतःवर कोसळलेल्या प्रसंगातून त्यांना इतर हजारो मुलींचा प्रसंग दिसू लागला होता. माझ्या मते रखमाबाईंच्या मोठेपणाची सुरुवात कोर्टात झाली नाही, ती इथे झाली.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अशा प्रकारचा दावा मूळ हिंदू धर्मशास्त्रात नाही, तो इंग्लंडमधील चर्चच्या कायद्यातून इकडे आला आहे आणि जे पतिपत्नी कधी एकत्र राहिलेच नाहीत त्यांना तो लावता येत नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय होता.

या निकालाने महाराष्ट्र ढवळून निघाला. परक्या सरकारच्या कोर्टाने आमच्या विवाहसंस्थेत ढवळाढवळ करू नये, असे म्हणणारा मोठा वर्ग होता. लोकमान्य टिळकांच्या केसरीने रखमाबाईंच्या विरोधात कठोर भूमिका घेतली. दुसऱ्या बाजूला बेहरामजी मलबारींसारखे सुधारक त्यांच्या पाठीशी उभे राहिले, तर काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी कोर्टात त्यांची बाजू लढवली. टिळकांविषयी आपल्या सर्वांच्या मनात आदर आहे, गणेशोत्सव साजरा करताना आपण त्यांचे नाव घेतल्याशिवाय राहत नाही. पण थोर माणसांचेही सर्वच निर्णय काळाच्या कसोटीला उतरत नाहीत, हे मोकळेपणाने मान्य करण्यात त्यांचा अनादर नाही.

१८८६ साली अपिलात हा निकाल फिरला आणि प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी पाठवण्यात आले. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला. रखमाबाईंनी एका महिन्याच्या आत पतीकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात जावे लागेल.

या तारखेच्या आधी सहाच दिवस, २६ फेब्रुवारीला, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात वारल्या होत्या. अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेली आपली पहिली मराठी मुलगी वयाच्या एकविसाव्या वर्षी गेली. एकाच आठवड्यात महाराष्ट्राने एक मुलगी गमावली आणि दुसरीला तुरुंगाचा रस्ता दाखवला.

रखमाबाईंनी तुरुंगाचा रस्ता पत्करण्याची तयारी दाखवली. पतीकडे जाण्यापेक्षा कायदा देईल ती शिक्षा भोगू, असे त्यांनी कळवले. इथे एक विसंगती ध्यानात घ्यायला हवी. ज्या इंग्लंडमधून हा कायदा हिंदुस्थानात आला, त्या इंग्लंडने नांदायला नकार देणाऱ्यास तुरुंगात टाकण्याची तरतूद १८८४ सालीच रद्द केली होती. म्हणजे लंडनमध्ये राहणाऱ्या बाईला जी शिक्षा होऊ शकत नव्हती ती मुंबईच्या बाईला सुनावण्यात आली. एप्रिल १८८७ मध्ये रखमाबाईंचे पत्र लंडनच्या द टाइम्समध्ये प्रसिद्ध झाले आणि इथल्या सुशिक्षित वर्गातही खळबळ उडाली.

राणी व्हिक्टोरियाने हा विवाह रद्द केला, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. प्रत्यक्षात प्रकरण मिटले ते तडजोडीने. जुलै १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन आपला हक्क सोडला आणि पुढे दुसरे लग्न केले. हिंदू पुरुषाला तेव्हा ती मुभा होती. रखमाबाईंना मात्र कायद्याने घटस्फोट मिळालाच नाही, कारण तसा कायदाच नव्हता. म्हणजे चार वर्षांच्या लढाईनंतर हाती आला तो विजय नव्हे. कोर्टात त्या हरल्याच होत्या, तुरुंग मात्र टळला होता.

लंडनचे दिवस

वाचकहो, माणसाची खरी परीक्षा पुष्कळदा संकट संपल्यावर होते. रखमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या. सगळ्या देशात नाव झाले होते, पण त्या नावाबरोबर बदनामीही आली होती. घरात बसून झाल्या अन्यायाची उजळणी करत आयुष्य काढणे त्यांना सहज शक्य होते, आणि कोणी त्यांना दोषही दिला नसता. त्यांनी ठरवले ते डॉक्टर होण्याचे.

या कामी त्यांना साहाय्य मिळाले ते मुंबईच्या कामा हॉस्पिटलमधील डॉ. एडिथ पीची यांचे. या पीचीबाईंची कहाणीही थोडक्यात सांगायला हवी. १८६९ साली एडिंबरा विद्यापीठात वैद्यकी शिकायला गेलेल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक. तिथे रसायनशास्त्रात वरचा क्रमांक मिळूनही बाई म्हणून त्यांना शिष्यवृत्ती नाकारण्यात आली. परीक्षेला जाणाऱ्या या मुलींवर जमावाने चिखलफेक केली आणि शेवटी विद्यापीठाने त्यांना पदवी दिलीच नाही. अशा परिस्थितीतून वर आलेल्या बाईने रखमाबाईंना हात दिला. स्वतः सोसलेले माणूस दुसऱ्याचे सोसणे लवकर ओळखते, हे खरेच. त्यांच्या पुढाकाराने शिक्षणासाठी निधी जमला. इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनीही मदत केली.

१८८९ साली रखमाबाई बोटीने इंग्लंडला आल्या. लंडनमध्ये ब्रन्सविक स्क्वेअरजवळ स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय होते, लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन. १८७४ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या डीन तेव्हा एलिझाबेथ गॅरेट अँडरसन होत्या. रुग्णांजवळचे प्रत्यक्ष शिक्षण ग्रेज इन रोडवरील रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये मिळे. हे हॉस्पिटल पुढे हॅम्पस्टेडला गेले आणि महाविद्यालय १९९८ साली युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये विलीन झाले. त्या भागातून जाताना आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते की एकशेतीस वर्षांपूर्वी एक मराठी मुलगी याच रस्त्यांवरून पुस्तके घेऊन जात होती?

आपल्या समाजात डॉक्टर मंडळी पुष्कळ आहेत. प्लॅबची परीक्षा, भाड्याची खोली, पहिल्या हिवाळ्यातला तो लवकर पडणारा काळोख, घरची आठवण, हे सारे त्यांनी अनुभवले आहे. रखमाबाईंच्या काळी तर फोन नव्हता आणि घरचे पत्र यायला काही आठवडे लागत. सोबतीला आपल्या भाषेत बोलणारे माणूसही क्वचितच असेल. इथे मॅक्लेरन दांपत्याने त्यांना आपल्या घरी आधार दिला. स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणारी ही मंडळी होती.

अडचणी इथेही संपल्या नाहीत. लंडनच्या रॉयल कॉलेजांच्या परीक्षांना तेव्हा स्त्रियांना बसू देत नसत. एडिंबरा आणि ग्लासगोच्या संस्थांनी मात्र १८८६ पासून दार उघडले होते. लंडनला शिकून रखमाबाईंनी परीक्षा दिली ती स्कॉटलंडची. पुढे १८९४ साली ब्रुसेल्स येथून एम.डी. ही पदवीही मिळवली. एक दार बंद दिसले की कपाळाला हात न लावता दुसरे दार कुठे आहे ते शोधायचे, ही सवय त्यांना आता चांगलीच जडली होती.

सुरत आणि राजकोट

डॉक्टर होऊन परतलेल्या रखमाबाईंना मुंबईत मानाने राहता आले असते. १८९५ साली त्या सुरतेला स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. हा काळ सोपा नव्हता. १८९६ पासून पश्चिम हिंदुस्थानात प्लेगने थैमान घातले आणि त्यापाठोपाठ १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ आला. गुजरातेत तो छप्पनिया म्हणून आजही ओळखला जातो. बाळंतपण दवाखान्यात करायचे ही कल्पनाच तेव्हा बायकांना भीतिदायक वाटे. परपुरुष डॉक्टरला नाडी दाखवण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या स्त्रिया होत्या. अशा बायकांचा विश्वास मिळवणे हे औषध देण्यापेक्षा अवघड काम. रखमाबाई ते काम दोन दशकांहून अधिक काळ करत राहिल्या.

१९०४ साली दादाजी वारले. तेव्हा रखमाबाईंनी विधवेची पांढरी वस्त्रे धारण केली. ज्या लग्नासाठी त्या तुरुंगात जायला तयार झाल्या पण नांदायला गेल्या नाहीत, त्याच लग्नाचे वैधव्य त्यांनी का स्वीकारले? वाचणाऱ्याला हे कोडे पडते. कदाचित लोकांमध्ये राहून काम करायचे तर त्यांच्या मनाला ठेच लागू नये असे त्यांना वाटले असेल, कदाचित मनात आणखी काही असेल. एक मात्र दिसते की त्यांच्या वागण्यात त्या माणसाविषयी सूडबुद्धी उरली नव्हती.

१९१८ च्या सुमारास त्यांना सरकारी स्त्री वैद्यकीय सेवेत जागा देऊ करण्यात आली होती. ती न घेता त्या राजकोटच्या जनाना रुग्णालयात गेल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या. तिथे त्यांनी रेडक्रॉसची शाखाही उभी केली. त्यांच्या कामाबद्दल सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. एकूण सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी वैद्यकी केली. पुन्हा लग्न केले नाही. १९२९ साली, वयाची पासष्टी जवळ आली असताना, पडदापद्धतीविरुद्ध त्यांनी पुस्तिका प्रसिद्ध केली. विसाव्या वर्षी हाती घेतलेली लेखणी अजून खाली ठेवली नव्हती!

त्यांच्या हयातीत काय बदलले

रखमाबाईंच्या खटल्याने पेटलेली चर्चा वाया गेली नाही. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलींचे संमतिवय दहावरून बारा झाले. आज हा आकडा वाचून अंगावर काटा येतो, पण त्या काळी त्यासाठीही रणे माजली. १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा, म्हणजे शारदा कायदा, संमत झाला. मे १९५५ मध्ये स्वतंत्र भारताने हिंदू विवाह कायदा केला आणि हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क देशभर मिळाला. ज्या दाव्याखाली रखमाबाईंना कोर्टात खेचले गेले तो दावा मात्र याही कायद्यात ठेवला गेला. इंग्लंडने तो १९७० च्या कायद्याने काढून टाकला.

हिंदू विवाह कायदा झाल्यावर चारच महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, मुंबईत रखमाबाईंनी जगाचा निरोप घेतला. जो हक्क तरुणपणी त्यांना मिळाला नाही तो देशातल्या लेकींना मिळालेला पाहूनच त्या गेल्या.

आपण काय घ्यावे?

सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाकडे आता वळू. आघात सोसून माणूस मोठा कशाने होतो? रखमाबाईंचे आयुष्य पाहिले तर असे वाटते की त्यांना केवळ दुःखाने मोठे केले नाही. त्यांना अभ्यासाची सवय होती. सखाराम अर्जुन, जयंतीबाई, तेलंग, पीचीबाई, मॅक्लेरन दांपत्य अशी माणसे वेळोवेळी पाठीशी उभी राहिली आणि त्यांची मदत घेण्यात रखमाबाईंना कमीपणा वाटला नाही. पण सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हे माझ्याच वाट्याला का, या प्रश्नावर त्या थांबल्या नाहीत. माझ्यासारख्या इतर कोण आहेत आणि त्यांच्यासाठी मला काय करता येईल, इथपर्यंत त्या पोहोचल्या. कोर्टात त्यांनी एका मुलीसाठी, म्हणजे स्वतःसाठी, नकार दिला. दवाखान्यात मात्र त्यांनी हजारो मुलींना होकार दिला.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी काही ना काही दुखणे असते. कोणाची नोकरी गेलेली, कोणाचा संसार मोडलेला, कोणाचे जवळचे माणूस दूर भारतात आजारी आणि आपण इथे अडकलेले. अशा वेळी एकदम मोठे काही करायला हवे असे नाही. घरात बसल्या बसल्या एखादे पुस्तक उघडावे, मदतीचा हात पुढे आला तर तो धरावा आणि आपल्यासारख्याच अडचणीतल्या दुसऱ्या कोणाचे दार ठोठवावे. रखमाबाईंनी सुरुवात एवढ्यापासूनच केली होती.

डॉ. रखमाबाईंच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!